बावन्नची रिंग

मोजमास्तरांसमोर ‘अंदाजे’ म्हटलेलं चालायचं नाही. चहात साखर किती घालू, असं कुणी विचारलं तर दीड चमचा म्हणायचे, आणि चमचा कुठला तेही दाखवायचे. बायको सगळ्यांना सांगायची की या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं आहे, आणि निकाल कधी लागतच नाही. अशा माणसाच्या हातून एक चूक बावीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता होत राहिली, आणि अख्ख्या गल्लीनं ती मान खाली घालून, आदरानं घरी नेली. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मास्तर अठराव्या वर्षी पंपांच्या मोठ्या कारखान्यात चिकटले, ते तपासणी खोलीत. तयार झालेला प्रत्येक भाग तिथे यायचा आणि मास्तर तो मोजून पास तरी करायचे, नाहीतर लाल खडूनं फुली मारून परत पाठवायचे. त्या लाल खडूला कारखान्यात भलेभले टरकून असायचे. मास्तर चाळिशीला आले आणि कारखान्याला टाळं लागलं. राज्यच तसं होतं हो. देशातली कुठलीही यादी काढा, आपलं नाव शोधायला शेवटचं पान उघडायचं. मुख्यमंत्री आले आणि गेले. प्रत्येकानं गावाबाहेरच्या माळावर ‘भव्य उद्योगनगरी’ असा फलक लावला. उद्योगनगरी काही झाली नाही, पण फलकांचे लोखंडी खांब पोरांनी चांगले वापरले. माळावर क्रिकेटचे स्टंप कधी कमी पडले नाहीत.

कारखान्याची यंत्रं भंगारात निघाली तेव्हा कामगारांनी जमतील तशी उचलली आणि मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेड टाकून आपापले छोटे वर्कशॉप सुरू केले. मास्तरांनी यंत्र घेतलं नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या हातावर एक लाकडी डबी ठेवली. डबीत होती पोलादाची जाडजूड रिंग, आणि तिच्या मधल्या भोकाचं माप होतं बरोब्बर बावन्न मिलिमीटर. पंपाचं बेअरिंग ज्या गोल घरात बसतं ते घर बावन्नचंच लागतं. घर मोजायचं गेज आधी या रिंगमध्ये घालायचं, त्याच्या डायलचा काटा शून्यावर आणायचा आणि मग त्या गेजनं आपलं काम मोजायचं. म्हणजे रिंग बरोबर तर गेज बरोबर, आणि गेज बरोबर तर गल्ली बरोबर.

रोज आठ वाजता मास्तरांच्या ओट्यावर अकरा वर्कशॉपची माणसं आपापली गेजं घेऊन उभी राहायची. मास्तर डबी उघडायचे, रिंग मऊ फडक्यानं पुसायचे, एकेकाचा काटा स्वतः शून्यावर लावून द्यायचे. दर रविवारी पॉलिश लावून रिंग आतून घासायचे, अशी की तिच्यात आपलं तोंड दिसावं. गंजाचा ठिपका म्हणून पडू दिला नाही. त्यांची बायको म्हणायची, ‘माझ्या हातातल्या बांगड्यांकडे कधी इतकं बघितलं नाहीत.’ गल्लीत कुणाचं भांडण झालं तरी शेवटी ओट्यावरच यायचं, कारण मास्तर जे म्हणतील ते माप. माणसाला म्हातारपणी आणखी काय हवं असतं? पगार नव्हता, पण शब्दाला वजन होतं.

त्यांना एकच लेक. शिकलीसवरली, हुशार, आणि हट्टी म्हणाल तर बापाच्या वरताण. गल्लीतली सगळी तरुण मुलं बाहेरच्या राज्यांत निघून गेली, ही गेली नाही. चार लेथ यंत्रं घेऊन तिनं स्वतःची शेड टाकली. जावई मात्र परराज्यात नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे, आणि दर वेळी हळूच विचारायचे की अजून किती दिवस. शेवटी दोघांचं ठरलं होतं. या वर्षी काही हललं तर ती राहणार, जावई इकडे येणार. नाही हललं तर लेथ विकून ती जाणार. मास्तरांना हे माहीत होतं. ते तिच्या शेडवरून दिवसातून चारदा उगाच चक्कर मारत.

आणि त्याच वर्षी खरंच काहीतरी हलत होतं. दोन वर्षांपूर्वी नव्या मुख्यमंत्री आल्या होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. बाईंनी फलक लावला नाही. पहिलं वर्ष त्यांनी विजेच्या तारा आणि माळाकडे जाणारा रस्ता यातच घालवलं, आणि लोकांनी यथेच्छ नावं ठेवली, की यांच्याच्यानं काही होत नाही. दुसऱ्या वर्षी त्या स्वतः कंपन्यांच्या दारात जाऊ लागल्या. एका कंपनीनं त्यांना पाऊण तास बाहेर बसवलं, तर विधानसभेत केवढा गदारोळ झाला, राज्याची अब्रू गेली म्हणून. बाई एवढंच म्हणाल्या की राज्य पन्नास वर्षं बाहेर बसलंय, मी पाऊण तास बसले तर बिघडलं कुठे. ती कंपनी पंपांची होती. जुन्या कारखान्याच्याच जागेवर नवा कारखाना टाकायला ती तयार झाली, पण एका अटीवर. निम्मे भाग इथल्याच वर्कशॉपनी करून द्यायचे, आणि ते जमतं की नाही हे आधी नमुने पाठवून दाखवायचं.

गल्लीनं जीव ओतला. अकरा वर्कशॉप, प्रत्येकाची बेअरिंगची पाच घरं, म्हणजे पंचावन्न. मास्तरांच्या लेकीनं तर सात आठवडे दुसरं काम हातात घेतलं नाही. नमुने गेले. तीन आठवड्यांनी पंचावन्नच्या पंचावन्न परत आले. बरोबर कागद होता: सगळी नापास, भोक दोन शतांश मिलिमीटरनं मोठं. दोन शतांश म्हणजे किती, तर डोक्यावरचा एक केस उभा चिरून चार फाकी केल्या तर त्यातली साधारण एक. आणि खाली कंपनीच्या इंजिनियरनं स्वतःच्या अक्षरात विचारलं होतं की प्रत्येक घरात आतून पंचचे तीन ठोके का मारलेत.

गल्ली पेटली. ठोके का म्हणजे काय? ठोके मारायचेच असतात! घर तयार झालं की आतून तीन ठिकाणी पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठोकून जरा उंचवटे काढायचे, म्हणजे बेअरिंग घट्ट बसतं. ते काम सगळ्या गल्लीचं मिळून एकच म्हातारे फिटर करायचे, म्हणून त्यांचं नावच ठोकेकाका पडलं होतं. आणि माप मोठं कसं असेल? एकाचं चुकलं असतं तर समजू शकतो. अकराच्या अकरा जणांचं माप एकमेकांशी तंतोतंत जुळतंय. याचा अर्थ उघड आहे, कंपनीचीच मापं चुकीची, किंवा त्यांना यायचंच नाही आणि ही पळवाट आहे. आमदारांना हे फारच पटलं. आपल्या माणसांचा अपमान झालाय, मोर्चा काढू, बाई गुरुवारी येताहेत तर त्यांच्यासमोरच काढू, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. इंजिनियर मात्र थंड माणूस होता. शेजारच्या राज्यात जागा तयार आहे, बाईंच्या शब्दाखातर आणखी दोन आठवडे थांबतो, त्यापुढे नाही, असं त्यानं कळवलं.

लेकीनं नापास झालेली पाच घरं टेबलावर ओळीनं मांडून ठेवली आणि दिवसभर ती तीच पुन्हापुन्हा मोजत बसली. मास्तरांना तिचं तोंड बघवेना. पण त्याहून एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. ते तीन ठोके.

बुधवारी दुपारी ते ठोकेकाकांच्या शेडमध्ये जाऊन बसले आणि विचारलं की हे तीन ठोके कधीपासून. काका म्हणाले, पद्धतच आहे. मास्तर म्हणाले, पद्धत कधीपासून? काकांनी डोकं खाजवलं. तीन म्हणाल तर सात-आठ वर्षं झाली असतील. त्याआधी दोन पुरायचे. आणि अगदी सुरुवातीला, गल्ली नवी होती तेव्हा, एकच. मास्तरांनी विचारलं, कारखान्यात किती मारायचो? ठोकेकाका हसले. कारखान्यात कशाला ठोकायचं, तिथे बेअरिंग आपलं आपण घट्ट बसायचं.

मास्तर उठले. दुकानात जाऊन खोक्यातलं कोरं बेअरिंग घेऊन आले. बेअरिंग बाहेरून आलेलं, मोठ्या कंपनीचं, त्याचा बाहेरचा व्यास बावन्न. त्याला मास्तरांच्या रिंगची ओळखही नव्हती. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी रिंग ठेवली, वर बेअरिंग धरलं. पूर्वी तपासणी खोलीत हेच केलं की अंगठ्यानं नीट दाबावं लागायचं, मग ते सावकाश आत उतरायचं. मास्तरांनी अंगठा लावायच्या आधीच बेअरिंग रिंगमधून निसटलं आणि खाली टेबलावर टणकन आपटलं.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा टणकन. सहा वेळा केलं.

बायको भाजी निवडत होती. तिनं सहाही वेळा ऐकलं आणि शेवटी मान वर केली. मास्तरांनीच सांगितलं. रिंग झिजली होती. अकरा गेजांची टोकं रोज सकाळी आत घासत होती, आणि दर रविवारी ते स्वतः पॉलिशनं तिला घासत होते. जिवापाड जपताना थोडी थोडी करून ती त्यांनीच मोठी केली होती. गल्ली प्रामाणिकपणे त्या मोठ्या मापाला शून्य म्हणत राहिली, आणि बेअरिंग ढिलं पडायला लागलं तसा ठोकेकाका एकेक ठोका वाढवत गेले. कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांचं एकमेकांशी जुळत होतं.

कबूल करायला हवं, मास्तरांच्या मनात त्या दुपारी वाईट विचार येऊन गेला. हे फक्त त्यांना कळलं होतं. रिंग विहिरीत टाकली, हरवली म्हणून सांगितलं, तर कोण विचारणार होतं? कंपनी गेली तरी दोष कंपनीचाच. आमदार तर मोर्चाची तयारी करूनच बसले होते. मास्तर, मास्तरच राहिले असते. हे ते बायकोजवळ बोलून दाखवतील असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं, पण बोलले.

बायकोनं हातातली जुडी खाली ठेवली. ‘अहो, पोरगी स्वतःला नालायक समजून जाईल ना इथनं,’ ती म्हणाली. ‘ते तुम्हाला चालणार आहे का?’

मास्तरांनी रिंग डबीत ठेवली आणि झाकण लावलं. त्या दिवशी त्यांनी तिला पॉलिश सोडाच, फडकंही लावलं नाही.

गुरुवारी सकाळी लेकीच्याच शेडमध्ये सगळे जमले, कारण तिचीच शेड मोठी. बाई लाकडी स्टुलावर बसल्या, शेजारी इंजिनियर, दारात आमदार आणि त्यांची माणसं. आमदारांनी अपमान, अस्मिता वगैरे सगळं दणक्यात म्हणून घेतलं. मग लेक बोलली. तिनं आवाज चढवला नाही. अकरा जणांची मापं तिनं कागदावर मांडून आणली होती, एकाखाली एक, सगळी सारखी. अकरा वेगवेगळी माणसं, अकरा वेगवेगळी यंत्रं, सगळी एकसारखी कशी चुकतील, एवढंच तिला विचारायचं होतं. खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. इंजिनियरही कागद हातात घेऊन बघत राहिला.

मास्तर पुढे झाले. डबी उघडून त्यांनी रिंग लेथच्या लोखंडी पाटावर ठेवली, खिशातून बेअरिंग काढलं आणि रिंगवर धरून सोडलं. टणकन आवाज झाला. शेडमध्ये जे कारागीर होते त्यांना लगेच कळलं. आमदारांना कळलं नाही, ते अजून मोर्चाच्याच तंद्रीत होते.

‘अकरा जण चुकलेले नाहीत,’ मास्तर म्हणाले. ‘मी एकटा चुकलोय. यांना शून्य मी लावून देतो.’

लेकीनं बापाकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. सात आठवडे काही थोडे नसतात.

बाईंनी रिंग हातात घेतली, फिरवून बघितली आणि विचारलं की हिची तपासणी करायची असते का. मास्तर म्हणाले, दरवर्षी, राजधानीच्या प्रयोगशाळेत. कारखाना होता तोवर तारीख कधी चुकली नव्हती. मग का नाही पाठवली, असं बाईंनी सरळ विचारलं.

‘पहिल्या वर्षी पाठवायला कुणी नव्हतं. पुढे पाठवता आली असती. पण चुकीची निघाली तर काय, ही भीती वाटायची.’

बाईंनी रिंग मास्तरांच्या हातात परत दिली. मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या सचिवांकडे वळून बघितलं. ‘ऐकलंत? आपण राज्याचे आकडे आपल्याच जुन्या आकड्यांशी जुळवतो आणि बरोबर आले म्हणून खूश होतो. तेही सगळे बाहेर पाठवा तपासायला. काय निघायचं ते निघू दे.’ सचिवांचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी त्यांनाच रिंगमधून सोडलंय. आमदारांनी हळूच खुणा केल्या आणि बाहेरची माणसं झेंडे गुंडाळायला लागली. बाईंनी इंजिनियरला विचारलं की दोन आठवड्यांतले दिवस किती उरलेत. नऊ, तो म्हणाला. बाई उठल्या आणि मास्तरांना म्हणाल्या की डबी घ्या आणि माझ्या गाडीत बसा.

तर मोजमास्तर आयुष्यात पहिल्यांदा सरकारी गाडीत बसले, तेही डबी मांडीवर घट्ट धरून. त्यांना वाटलं होतं बाई रस्ताभर काहीतरी मोठं बोलतील. बाईंनी दोन फायली वाचल्या, एकीवर सही केली नाही, आणि मग तोंड उघडं टाकून चक्क झोपल्या. मास्तरांना उगाच बरं वाटलं. थकलेलं माणूस खोटं काम करत नाही, असा त्यांचा जुना हिशेब होता.

प्रयोगशाळेत एक मुलगी होती, लेकीपेक्षाही लहान. तिनं रिंग थंड खोलीत ठेवली, कारण धातू गरम असला की फुगतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोजून कागद हातात दिला: बावन्न पूर्णांक शून्य दोन. मास्तरांनी वाचलं, घडी घातली, आणि रिंग आता भंगारात टाकायची का, असं विचारलं. मुलीला आश्चर्य वाटलं. भंगारात कशाला? दोन शतांशानं मोठी आहे हे आता माहीत आहे ना, मग काटा शून्याऐवजी दोनवर लावा. कुठलीच रिंग तंतोतंत नसते, म्हणून तर कागद देतो. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. कारखान्यातल्या कागदांवरही दरवर्षी असाच एक छोटा आकडा असायचा. हे त्यांना एकेकाळी पाठ होतं. बावीस वर्षांत पूजा करता करता विसरायला झालं होतं.

परत आल्यावर ते घरी गेलेच नाहीत. थेट शेडमध्ये जाऊन कागद लेकीपुढे ठेवला. ती दोन दिवस अबोला धरून होती. तिनं कागद वाचला, गेज आणलं, रिंगमध्ये घातलं, काटा दोनवर लावला आणि यंत्र सुरू केलं. सगळी गल्ली दारात उभी होती. घर तयार झालं, निवलं. ठोकेकाका सवयीनं पंच आणि हातोडी घेऊन पुढे झाले, पंच आत टेकवलासुद्धा.

लेकीनं त्यांचा हात धरला.

मग तिनं कोरं बेअरिंग घेतलं, घराच्या तोंडावर ठेवलं आणि मास्तरांकडे बघून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही.’ मास्तरांनी अंगठा ठेवला आणि दाबलं. बेअरिंग जागचं हललं नाही. त्यांनी जोर लावला. बेअरिंग सावकाश, घट्ट, आत उतरत गेलं आणि तळाला टेकलं. ठोकेकाका डोळे पुसायला लागले. आता माझं काय, असंही म्हणाले, आणि सगळे हसले, पण काकांना खरंच काळजी होती. लेकीनं त्यांना त्याच दिवशी आपल्याकडे जुळणीच्या कामावर घेतलं.

उरलेल्या सात दिवसांत गल्लीनं पुन्हा पंचावन्न घरं केली. एकावन्न पास झाली. चार खरोखरच वाईट होती, आणि ती कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे, पण सांगत नाही. मास्तरांनी ओट्यावरच्या भिंतीला पाटी लावली: ‘रिंग दोन शतांशाने मोठी आहे. काटा दोनवर लावावा.’ पहिले काही दिवस ती पाटी वाचताना लोक नजर चुकवायचे. पुढे रांगेतला कुणीतरी रोज ती मोठ्यानं वाचायला लागला, आणि मास्तर आतून ‘बरोबर’ म्हणायला लागले. आकड्यांच्या तपासणीत राज्य आणखी दोन याद्यांत खाली गेलं आणि बाईंना त्यावरून शिव्या बसल्या. त्यांनी त्या खाल्ल्या आणि नव्या आकड्यांनी कामाला लागल्या.

कारखाना वर्षभरानं उभा राहिला. जावई सामानासकट परत आले. उद्घाटनाला सगळी गल्ली जुन्या गेटात हजर होती. बाईंनी भाषण थोडक्यात उरकलं आणि खाली उतरून मास्तर कुठे आहेत म्हणून लेकीला विचारलं, त्यांच्यासाठी पुढची खुर्ची ठेवली होती. लेक म्हणाली, सकाळच्या गाडीनं राजधानीला गेलेत, डबी घेऊन. रिंगच्या तपासणीला आज वर्ष झालं.

‘अहो, एक दिवस थांबले असते,’ बाई म्हणाल्या.

‘बावीस वर्षं थांबलेच होते,’ लेक म्हणाली.